हिरड्यांचा इतिहास : डेल्फ्टच्या भिंगापासून ऑर्हुसच्या प्रयोगापर्यंत

१/८
पायोरिया जडला की दात जाणारच, हा समज फार जुना. रोगाचे मूळ दातांवरच्या किटणात आहे, हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसण्यापासून निर्विवाद सिद्ध होईपर्यंत २८२ वर्षे लोटली. त्या प्रवासाचा हा थ्रेड.

२/८
हॉलंडमधील डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी लेव्हेनहूक रोज मिठाने दात घासत असे. तरीही फटींत पांढुरके कीटण उरेच. ते पावसाच्या पाण्यात कालवून त्याने स्वतः घडवलेल्या भिंगाखाली धरले.

३/८
त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळत होते! १७ सप्टेंबर १६८३ रोजी त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. व्हिनेगरने चूळ भरूनही मागच्या दातांमधील जीव जिवंत राहतात, हेही त्याने नोंदवले. त्यांचा हिरड्यांच्या रोगाशी असलेला संबंध मात्र अज्ञातच राहिला.

४/८
पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. १८४४ मध्ये हसवणाऱ्या वायूच्या अमलाखाली होरेस वेल्सचा दात काढणारा हार्टफर्डचा दंतवैद्य जॉन रिग्ज, हिरड्या कापण्याच्या विरोधात होता. हिरडीखालचा कठीण थर खरवडून काढावा आणि पुढे रुग्णाने दात स्वच्छ ठेवावेत, हा त्याचा आग्रह. पायोरियाला पुढे ‘रिग्जचा रोग’ असेच नाव पडले.

५/८
अनुभव होता, निर्णायक पुरावा नव्हता. तो १९६५ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे मिळाला. हाराल्ड लो व सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्णपणे थांबवायला सांगितले.

६/८
१० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू होताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. कारण आणि उपाय, दोन्ही एकाच प्रयोगात हाती आले.

७/८
मात्र ही सुरुवातीची सूज होती. रोग जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचला, तर झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही. मग उपचाराने रोग थोपवता येतो. पण कीटण पुन्हा साचले, तर तो परततो.

८/८
म्हणूनच स्वीडनमधील कार्लस्टाड येथे १९७२ पासून लोकांना घरच्या स्वच्छतेचे शिक्षण आणि ठरावीक काळाने दंततपासणी देण्यात आली. ३० वर्षांनंतरही त्यांचे फारच थोडे दात गेले होते. उपचार दवाखान्यात संपतो. हिरड्यांची राखण मात्र रोज घरीच करावी लागते.