फेसाचा जमाखर्च

आमच्या पडेगावच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. एक शिकेकाईचा आणि दुसरा सल्फेटमुक्तीचा. पहिल्या पक्षाच्या अध्यक्षा, कार्यकर्त्या आणि एकमेव मतदार म्हणजे आमच्या मातोश्री. दुसऱ्याची धुरा कॉलेजात जाणाऱ्या कन्येकडे. सौभाग्यवती अपक्ष आहेत, म्हणजे ज्याची सरशी होईल त्याच्या विरुद्ध. मी बँकेत कारकून असल्यामुळे माझ्याकडे फक्त बिले येतात.

परवा कन्येने शाम्पूची एक बाटली आणली. किंमत सहाशे रुपये.

"बाबा, ह्यात सल्फेट नाहीये!"

"मग काय आहे?"

"ते महत्त्वाचं नाही. सल्फेट नाहीये, हे महत्त्वाचं."

नसलेल्या वस्तूचे सहाशे रुपये! बँकेच्या खातेवहीत मी अशी नोंद केली असती, तर ऑडिटरने माझाच हिशेब पुरा केला असता.

पण प्रकरण थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. थंडी सुरू झाल्यापासून आईच्या मानेला आणि पाठीला खाज सुटली होती. म्हातारी रात्र रात्र उठून बसायची. आईची पक्षनिष्ठा शिकेकाईशी असली, तरी कुटायला आता हात चालत नाहीत म्हणून व्यवहार बाटलीतल्या शाम्पूशी होता. (निष्ठा एकीकडे आणि व्यवहार दुसरीकडे, हे आपल्याकडे नवीन नाही.) कन्येने निदान केले, "आजीला सल्फेट बाधलं. त्यानं कॅन्सरसुद्धा होतो म्हणे." आई म्हणाली, "काय तर बाई! पैसे देऊन दुखणं आणायलात व्हय रे?"

मी पडलो बी.कॉम. आमचा रसायनाशी संबंध फक्त मॅनेजरच्या चहापुरता. पण आरोप गंभीर होता. तेव्हा आरोपीचे जुने खाते उघडून पाहावे म्हणून मी वाचनालयाची पायरी चढलो.

पहिला धक्का 'शाम्पू' या नावानेच दिला. शब्द साहेबाचा नाही, आपला आहे! 'चांपना' म्हणजे चेपणे, दाबणे, मालिश करणे. आपली 'चंपी' ती हीच. पाटण्यास १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमद नावाच्या गृहस्थांनी ती विलायतेला नेली. त्यांनी १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी खाण्याचे हॉटेल काढले, ते बुडाले. (बुडीत खात्यांशी रोजचा संबंध असल्याने मला त्यांच्याबद्दल कळवळा वाटला.) मग ब्रायटनला जाऊन त्यांनी वाफेचे स्नान आणि चंपी सुरू केली. ती इतकी चालली, की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते 'शाम्पूइंग सर्जन' झाले. तेव्हा शाम्पूत फेस नव्हता, मालिश होते. मालिश गेले, नाव राहिले. आमच्या बँकेत कारकुनाला आता 'असोसिएट' म्हणतात. तिथे नाव गेले, मालिश राहिले.

त्या काळी आपल्याकडे फेस करीत होते ते रिठा आणि शिकेकाई. दोन्हींत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते, ते फेसाळते आणि मळ सोडवते. मात्र जे झाडावर लागते ते गरीब स्वभावाचेच असते, असे समजू नये. नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्याच्या डोळ्यांत शिकेकाई गेली आहे, त्याला नरक या शब्दाचा अर्थ पंचांगात शोधावा लागत नाही.

मग साबण आला. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ मध्ये प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलांपासून अंगाचा साबण काढला. मूळ धंदा कुलपांचा, म्हणून साबणाचे नाव 'चावी'. पुढे त्यांनी 'नंबर दोन' हा साबण काढला आणि 'नंबर एक' त्याच्याही नंतर! दोन नंबर आधी आणि एक नंबर मागाहून, हा क्रम पुढे अनेकांनी निराळ्या अर्थाने गिरवला.

पण साबणाला एक खोड आहे. त्याला जड पाणी सोसत नाही. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याची गाठ पडली, की फेस राहतो बाजूला आणि पांढरट चिकट साका तयार होतो. पडेगावकरांना हे सांगायला नको. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, तिथे साबणाची काय कथा! केसांना साबण लावून आमच्या पाण्याने धुवा, डोक्यावर नारळाच्या शेंड्या उगवल्याचा भास होतो.

हीच तक्रार जर्मनीतल्या कापड गिरण्यांची होती. त्यात पहिल्या महायुद्धात तिकडे चरबीचा तुटवडा पडला आणि साबणाला पर्याय शोधणे सुरू झाले. अखेर चेम्नित्स गावच्या बोहमे कंपनीने तेलापासून काढलेल्या अल्कोहोलला गंधकाम्लाची जोड देऊन सल्फेट तयार केले आणि १९३२ मध्ये 'फेवा' नावाची धुण्याची पावडर बाजारात आणली. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९३३ मध्ये 'ड्रेफ्ट' ही पावडर आणि १९३४ मध्ये 'ड्रीन' हा शाम्पू काढला. जड पाण्यातही फेस! साबणाच्या मक्तेदारीला तिथे पहिली चूड लागली.

याचे काम कसे चालते, ते मला कारकुनी दृष्टीने समजले ते असे. सल्फेटच्या रेणूला डोके आणि शेपूट असते. डोक्याला पाण्याची ओढ, शेपटीला तेलाची. शेपूट तेलकट मळात रुतवायची, डोके पाण्याच्या हाती द्यायचे आणि मळासकट वाहून जायचे. सासू आणि सून दोघींचेही ऐकणारा मुलगा अखेर असाच वाहून जातो. गंमत म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेटची ही बारा कार्बनची शेपूट खोबरेल तेलातूनही मिळते. म्हणजे आई डोक्यावर जे तेल थापते, त्याच्याच भावकीतला माणूस ते उतरवायला येतो.

आपल्याकडे १९५९ मध्ये 'सर्फ' आले, १९६९ मध्ये अहमदाबादेत 'निरमा' निघाली. पण ही मंडळी सल्फेटची चुलत भावंडे, सल्फोनेट. शाम्पू तेव्हा बाटलीत आणि बाटली श्रीमंताच्या मोरीत. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी तो पुडीत घालण्याची कल्पना लढवली आणि त्यांच्या मुलाने, सी. के. रंगनाथन यांनी, १९८३ मध्ये 'चिक' शाम्पूचा धंदा मांडला. त्या पुडीने किराणा दुकानात तोरणे लागली आणि फेसात लोकशाही आली. आज आपल्या महाराष्ट्रातच तारापूर-तळोजाला गॅलेक्सी कंपनीच्या कारखान्यांत फेसाची ही रसायने तयार होतात.

आता आरोपपत्र. कॅन्सरची आवई १९९८ च्या सुमारास ई-मेलवरून जगभर पसरली. तिला पुरावा कधी मिळाला नाही. सल्फेट त्वचेला चिडवते, हे मात्र खरे. इतके खरे, की त्वचेची चिडचिड अभ्यासायची असली म्हणजे तज्ज्ञ मुद्दाम हेच लावून बघतात! त्याचा सौम्य भाऊ म्हणजे लॉरेथ सल्फेट. तो बनवताना डायऑक्झेन नावाचा नको असलेला अंश मागे राहू शकतो, पण कारखान्यात तो काढून कमी करता येतो. काहींना टूथपेस्टमधल्या सल्फेटने तोंड येते, त्यांनी पेस्ट बदलावी. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने १९८३ मध्ये निवाडा दिला, तो असा: थोडा वेळ लावा, मग भरपूर पाण्याने धुऊन टाका, म्हणजे भय नाही. अंगावर राहू द्यायच्या वस्तूत मात्र ते एक टक्क्याहून जास्त नसावे.

हा निवाडा खिशात घालून, विजयी मुद्रेने मी आईला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मान पाहिली, पाठ पाहिली आणि विचारले, "आजी, अंघोळीला पाणी किती घेता?"

आई म्हणाली, "एक बादली. त्यातलं थोडं ठेवते झाडांना."

"डोक्यावरून घेता त्या दिवशी?"

"एकच. घरात तसा नियमच आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या सांगाड्याकडे पाहिले. नियम माझा होता. उन्हाळ्यात बोअर आटला तेव्हा टँकरच्या बिलाला भिऊन मीच मोरीच्या दारावर तो लिहून चिकटवला होता. पोरीने पहिल्या दिवशीच धाब्यावर बसवला. सौभाग्यवतींनी वाचलाच नाही. पाळला तो एका आईने. डोक्यावरचा फेस मानेवरून पाठीवर उतरत होता आणि त्याला निरोप द्यायला बादलीत पाणीच उरत नव्हते.

डॉक्टरांनी सौम्य शाम्पू, पाणी भरपूर आणि अंगाला तेल असे लिहून दिले. पंधरा दिवसांत आई रात्रभर झोपू लागली. सहाशेची बाटलीच आजीच्या कामी आली, म्हणून कन्या म्हणते मी जिंकले. खोबरेल परत आले, म्हणून आई म्हणते मी जिंकले.

मोरीच्या दारावरचा कागद मी काढला. आईसाठी आता दोन बादल्या असतात, डोक्यावरून घ्यायच्या दिवशी तीन. पण आई तिसरीतली अर्धी अजून शिल्लक ठेवते. विचारले तर म्हणते, "असू दे रे. टँकरचं बिल तुलाच भरायचंय ना."