विहिरीच्या तळाचा हिशेब

दुष्काळाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर आभाळ पाहिले, पीक पाहिले. विहिरीत वाकून पाहण्याचे श्रम फारसे कोणी घेतलेले दिसत नाहीत. याचे कारण दप्तरातच सापडते. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. त्यानंतर तेथे शेतवार मोजणी झाली, पर्जन्यमापके बसली, आणि पिकाचा अजमास रुपयात किती आणे असा मांडण्याची वहिवाट पडली. हीच आणेवारी पुढे दशमान नाण्यांबरोबर पैसेवारी झाली. सरकारास सारा हवा होता व सारा पिकातून येत असे. पाणी किती हात खाली गेले हे वर्षानुवर्षे लिहून ठेवण्याचे त्याला प्रयोजन नव्हते. ज्या जिल्ह्याला 1905 पासून यवतमाळ म्हणतात, त्या पूर्वीच्या वणी जिल्ह्याने 1899-1900 चा भीषण दुष्काळ सोसला, तो याच मापांच्या आधाराने कागदावर उतरला.

वस्तुतः यवतमाळ हा काही रुक्ष प्रदेश नव्हे. वर्षाकाठी सरासरी नऊशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस तेथे पडतो. वर्धा व पैनगंगा या दोन नद्या त्याच्या सीमा धुतात. मग वैशाखात विहिरी कोरड्या का पडाव्यात? उत्तर जमिनीखाली आहे. वणीकडील चुनखडी, वालुकाश्म व कोळशाचे थर सोडले, तर जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि भेगांत. अशा मुरमाड थरातून उपसता येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या शेकडा दोनच्या आसपास धरतात; म्हणजे पातळी एक मीटर उतरली, तर हाती येते ते जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी! वर काळी चिकण माती; ती भिजून फुगली की पावसाचे पाणी खाली मुरण्याऐवजी नाल्याची वाट धरते.

1972 च्या दुष्काळाने सरकारचे लक्ष तळाकडे वळविले. त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. ठरलेल्या विहिरींवर जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर असे चार वेळा जावयाचे, फीत सोडावयाची, कठड्याची उंची वजा करून खोली टिपावयाची. काम दिसण्यात क्षुल्लक. परंतु आमच्या मते गेल्या शतकातील दुष्काळ-निवारणाचे इतके उपयुक्त काम विरळाच झाले असेल. ऑक्टोबरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून, एक, दोन वा तीन मीटरांहून अधिक घट कोठे आहे हे पाहतात, आणि कोणत्या गावास कोणत्या महिन्यांत टंचाई पडेल याचे भाकीत करतात.

या मापातही उणीव आहे. पातळी दरवर्षी थोडी थोडी उतरत गेली, तर सरासरीही तिच्यामागोमाग उतरते व तूट लहान भासते. शिवाय निरीक्षणाच्या विहिरी दीर्घकाळ चार हजारांच्या आतबाहेर होत्या आणि राज्यातील गावे चाळीस हजारांहून अधिक. दहा गावांची तहान एका विहिरीने सांगावयाची.

याहून चमत्कारिक गोष्ट नकाशांची. भूजलाचा वार्षिक ताळेबंद मांडताना, जितके मुरते त्याच्या शेकडा सत्तरांहून अधिक उपसा नसेल, तर तो प्रदेश सुरक्षित ठरतो. यवतमाळचे बहुतेक तालुके या नकाशावर सुरक्षितच दिसत आले. पण वर्षाचा जमाखर्च जुळला म्हणून मे महिन्याची घागर भरते असे नाही. उथळ मुरमातले पाणी कोणी न उपसताही ओढ्यांवाटे निघून जाते. 2017 चा पावसाळा ओढून गेला, आणि 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरास पाणी पुरविणारे निळोणा व चापडोह हे जलाशय आटले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर राज्यातील 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले, ते 2016 च्या केंद्रीय दुष्काळसंहितेतील कसोट्या लावून. त्या संहितेत पाऊस व पीक यांच्या जोडीला भूजलाच्या निर्देशांकासही जागा मिळाली आहे.