प्रार्थनेत उरलेला भिक्षू

युद्धकाळातील जपानी स्थलांतरितांच्या छळाचा विषय निघाला, की आमच्या वर्गांतून अमेरिकेचेच उदाहरण पुढे येते. १९ फेब्रुवारी १९४२ चा रूझवेल्ट यांचा आदेश, पश्चिम किनाऱ्यावरून उठवलेली सुमारे एक लाख वीस हजार माणसे, त्यांतील दोन-तृतीयांश जन्मानेच अमेरिकन नागरिक. हे सारे खरेच. पण या उदाहरणात आपली एक सोयही आहे : अन्याय दुसऱ्या कोणाचा तरी ठरतो. गंगाखेडहून एका दिवसात गाठता येईल अशा सेवाग्रामात काय घडले, हे मात्र आमच्यापैकी अनेकांना उशिराच कळले.

निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या पंथाचा एक भिक्षू सेवाग्राम आश्रमातलाच होऊन गेला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि ब्रिटिश सरकारने त्याला आश्रमातून उचलून नेले. त्याचा अपराध एवढाच, की तो शत्रुराष्ट्रात जन्मला होता.

जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. त्यात चीनवरील जपानी आक्रमणाचा त्यांनी निःसंदिग्ध धिक्कार केला आहे. आणि त्याच पत्रात या भिक्षूची कर्तव्यनिष्ठा, त्याचे सहज हास्य आठवून, तो गेल्याची उणीव आम्हांला जाणवते, असेही म्हटले आहे. त्याने मागे ठेवलेल्या लहानशा ढोलाच्या साथीनेच आश्रमाच्या प्रार्थनेला प्रारंभ होत असे. आमच्या मते या पत्राचे मर्म या दोन गोष्टी शेजारी शेजारी असण्यातच आहे. राष्ट्राचा दोष माणसाच्या माथी मारायचा नाही, हे तिथे उपदेशाविना सांगितले गेले आहे. पत्रानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, लिहिणाराही कैदेत गेला.

या भिक्षूची आठवण निदान प्रार्थनेत राहिली. इतरांचे काय? भारतातील जपानी नागरिक, तसेच मलाया-सिंगापुरातून जहाजांनी आणलेली कुटुंबे, मिळून दोन हजारांहून अधिक माणसे दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात तंबूंत ठेवण्यात आली. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. १९४३ मध्ये त्यांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत हलवण्यात आले.

देवळी हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नसावे. कॉम्रेड डांगे, रणदिवे, जयप्रकाश नारायण याच छावणीत स्थानबद्ध होते. पण खरा धक्का पुढे आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर स्वतंत्र भारताने सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या रहिवाशांना याच देवळीत डांबले. त्यांत इथेच जन्मलेले, आसामच्या चहामळ्यांच्या मुलखात वाढलेले कितीतरी होते. ज्या कुंपणाआड आपले नेते राहिले, ते कुंपण आपण मोडले नाही, वापरले. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. आपल्याकडे तसे झालेले नाही.

असमियात रीता चौधरी यांनी ‘माकाम’ (२०१०) ही कादंबरी याच विषयावर लिहिली. तुरुंगसाहित्याचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या मराठीत देवळीतील जपानी किंवा चिनी माणूस आमच्या वाचनात तरी आलेला नाही. वर्गात आम्ही देवळीचा उल्लेख करतो तो डांग्यांच्या निमित्ताने, आणि पुढच्या पाठाकडे वळतो.