जुनं शिलाई मशीन घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

जळगाव-धुळे म्हणजे कापसाचा पट्टा. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, म्हणजे आपलं कापडाशी नातं जुनंच आहे. पायाने चालणारी काळी शिलाई मशिनं आजही कितीतरी घरांत माळ्यावर पडून आहेत. शेवटी ती भंगारात जातात, कारण काय तर "टाका पडत नाही". पण टाका न पडण्यामागे बऱ्याचदा फक्त चुकीची बसवलेली सुई असते. म्हणून मशीन विकण्याआधी किंवा सेकंडहँड घेण्याआधी ते चालतं कसं, हे समजून घेऊया.

टाका पडतो कसा?

मशीनच्या टाक्यात दोन दोरे असतात. एक वरून सुईतून येतो, दुसरा खालच्या बॉबिनमधून. सुई कापडाखाली जाते आणि किंचित वर येते. तेव्हा दोऱ्याचा छोटासा फुगा तयार होतो. त्याच क्षणी शटलचं टोक त्या फुग्यात शिरतं आणि दोरा बॉबिनभोवती फिरवून आणतं. मग वरची दांडी दोरा ओढून टाका घट्ट करते. याला लॉकस्टिच म्हणतात.

सगळा खेळ टायमिंगचा आहे. सुई वाकडी असेल, पूर्ण वर बसलेली नसेल किंवा तिची सपाट बाजू चुकीच्या दिशेला असेल, तर शटलला फुगा सापडतच नाही.

हे डोळ्यांनी बघायचंय? बॉबिनवरची पत्री सरकवा, चाक हाताने हळू फिरवा आणि मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये शूट करा.

घेण्याआधी काय तपासायचं?

१. चाक हाताने स्वतःच्या दिशेने फिरवा. सगळीकडे सारखंच जड लागलं तर बहुतेक तेल सुकलंय, ते सुटू शकतं. दर फेऱ्याला एकाच जागी अडकलं तर आत दोरा गुंतलाय किंवा एखादा पार्ट वाकलाय.

२. सुईची दांडी धरून हलवा. डुगडुगत असेल तर झीज झालीय, खर्च वाढेल.

३. बॉबिन केस काढून बघा. गंज, ओरखडे किंवा भलत्याच मापाची केस असेल तर किंमत कमी करून मागा.

४. बिडाच्या बॉडीला तडा असेल तर घेऊ नका.

५. स्वतःचं कापड, दोरा आणि नवी सुई घेऊन जा. तिथेच शिवून बघा. चकाचक रंगावर जाऊ नका. रंग बाहेरून मारता येतो, टाका नाही.

घरी आणल्यावर

कुठलाही स्क्रू काढण्याआधी फोटो काढा. दात्यांखाली रुई आणि तेलाचा थर साचलेला असतो. कापड पुढे सरकत नसेल तर आधी तो ब्रशने काढा. मग हलणाऱ्या प्रत्येक जोडाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब द्या. खोबरेल किंवा खायचं तेल नको, ते सुकून चिकट होतं.

सुईचा नंबरही बघा. ९०/१४ म्हणजे ०.९० मिलिमीटर जाडीची सुई, साध्या सुती कापडासाठी. जीन्सला १००/१६, गोधडीच्या जाड थरांना ११०/१८.

टाका बघून दोष ओळखा

खालच्या बाजूला दोऱ्याचे लूप दिसतात? वरचं टेन्शन सैल आहे किंवा दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसलेला नाही. कापड दाबणारा पाय वर उचलून पुन्हा ओवा. खालचा दोरा वर खेचून येतोय? वरचं टेन्शन थोडं कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. कोडमधला बग आम्ही असाच शोधतो.

फुकट मशीनच्या लिंकचं काय?

"पंतप्रधान मोफत शिलाई मशीन" असे दावे व्हॉट्सॲपवर फिरतात. पीआयबी फॅक्ट चेकने ते खोटे ठरवलेत. अशा लिंकवर आधार किंवा ओटीपी देऊ नका. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना मात्र खरी आहे. तिच्यात शिंपीकामाचाही समावेश असून पात्र कारागिरांना साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं.

मग जुन्यात मजा काय?

लाइट गेली तरी ते चालतं. चार्जिंग नाही, अपडेट नाही. बिघडलं तर बिघाड उघड्या डोळ्यांना दिसतो. सुरुवात पिशवीपासून करा, मग जीन्सची उसवलेली शिवण, मग आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. घरात मशीन पडून असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक नवी सुई लावून बघा.