नदीपलीकडची टोळी

आमची वणी यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेच्या अंगाला. वर्धा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि थोड्याच वेळात वरोरा लागते. लहानपणी 'नदीपलीकडे' हा शब्द आमच्या घरी हळू आवाजात उच्चारला जाई. कारण आमच्या सालदाराला तिकडे पाठविले होते. त्याच्या पाठीवर फिकट चट्टा उठला, बोटे वाकू लागली, आणि एका संक्रांतीनंतर गोठ्याशेजारचे त्याचे बिऱ्हाड हलले. त्याला कोणी हाकलले नाही, असे आजी सांगे. पाठविले, एवढेच!

आजारी माणसाला कामाच्या योगे उभे करण्याच्या विद्येला व्यवसायोपचार म्हणतात. तिची पहिली संघटना १९१७ साली अमेरिकेत निघाली. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकरांनी तिचे शिक्षण सुरू केले. या बाई जन्माने अमेरिकन, पण संसार मराठी घरात केलेल्या. रोग्यांना एकत्र बसवून धीर देण्याची युक्ती त्याहून जुनी. बोस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट १९०५ साली क्षयरोग्यांचे वर्गच भरवू लागले. शेजाऱ्याचे वजन वाढलेले पाहिले की आपणही जगू असे दुसऱ्याला वाटे. डॉक्टरच्या शंभर शब्दांनी जे होत नाही ते शेजारच्या रोग्याच्या एका शब्दाने होते, हे त्या गृहस्थाने ओळखले.

आमच्या विदर्भाने मात्र हे सारे पुस्तकातून घेतले नाही. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांची वसाहत उभारली. १९४६ मध्ये अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन निघाले. आणि १९५१ च्या जूनमध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन वसविले. सहा रोगी, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय, हे भांडवल आता सर्वांना पाठ आहे. जमीन पन्नास एकर, पण खडकाळ रान, विंचू-सापांचे राज्य. पाण्यासाठी आधी विहीर खोदावी लागली, आणि ती खोदली रोग्यांनीच, बाबांच्या आणि साधनाताईंच्या सोबतीने. पुढे भाजी पिकली, तर वरोऱ्यात ती घेईना कोणी. १९५४ साली परदेशांतील तरुण स्वयंसेवक येऊन तेथे राहिले, जेवले, भिंती बांधू लागले, तेव्हा कोठे गावाची भीड चेपली. गोरा माणूस जेवला म्हणजे अन्न शुद्ध झाले! हसावे की रडावे, वाचकांनीच ठरवावे.

अशा टोळीची आखणी हे सोपे काम नव्हे. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात, असा जुना समज. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की खरा घात बधिरपणा करतो. चटका कळत नाही, काटा कळत नाही. जखम चिघळते आणि बोट जाते. म्हणून कुदळीचा दांडा जाड हवा, त्यावर चिंधी हवी, काम आलटून पालटून हवे; आणि मुख्य म्हणजे रोज कोणी तरी तळहात उलटून पाहायला हवा. स्वतःचा हात सांगत नाही, तेव्हा दुसऱ्याचा डोळा उसना घ्यावा लागतो. एकट्याला कितीही काम दिले, तरी हे होत नाही. औषधाचे म्हणाल, तर १९८० नंतर बहुविध औषधोपचार आला आणि रोग पुरता बरा होऊ लागला. मी सांगतो आहे ती गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची.

साठ-एकसष्टच्या सुमारास वडील कामासाठी वरोऱ्याला निघाले, मीही बरोबर होतो. वैशाखाचे ऊन होते. परतताना त्यांनी, काय मनात आले कोण जाणे, गाडी आनंदवनाकडे वळवली. आमचा सालदार बांधावर उभा होता. त्याच्या हाताखाली सहा जणांची टोळी.

"मालक, याले बोटं नाहीत, पण खांदा पाहा," तो एकेकाकडे मान वळवून सांगू लागला. "त्याले दिसत नाही, पण दोर वढते. दोघं मिळून एक गडी. दुपारी समदे बसतो अन् एकमेकाचे हात पाहातो. फोड दिसला, का त्याले दोन दिवस दांडा नाही. तो बैल हाकते."

"हे तुला शिकवले कोणी?" वडिलांनी विचारले.

"थोडं इथं. थोडं तुमच्याच वावरात, मालक. पंचवीस रोजदार कसे लावावे ते."

मग त्याने पितळी पेला घासून घासून धुतला, दोन्ही पंजांत धरून पाणी आणले.

"तहान नाही," वडील म्हणाले.

त्याने काही वाईट वाटल्याचे दाखविले नाही. ते पाणी एका रोपाच्या मुळाशी ओतले, माझ्याकडे पाहून हसला, आणि टोळीला हाक देऊन कामाला लागला.

वाटेत वडील बोलले नाहीत. वर्धेच्या पात्राशी गाडी येताच ते खाली उतरले, गुडघे टेकून वाकले आणि ओंजळीने पाणी पिऊ लागले. किती तरी वेळ पीत होते.