भिंती पक्क्या, सांधे कच्चे

मॉड्यूल सगळे पास, आणि जोडल्यावर बोंब! आमच्या धंद्यात हे नवं नाही. गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता असंच एक रिलीज मागे घेताना मला लंडनमधली एक इमारत आठवली... रोनन पॉइंट.

आधी थोडी पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या लाखो घरांची पडझड झाली. वीट वीट रचायला ना पुरेसे गवंडी होते, ना वेळ. मग कारखान्यात बनवलेली दीड लाखाहून जास्त तात्पुरती घरं उभी राहिली. बैठी, सुटसुटीत, आत चक्क फ्रीज! लोक खूश. पुढे साठच्या दशकात तीच कल्पना उंच इमारतींना लावली. १९५६ च्या कायद्यानुसार मजले जास्त तर अनुदानही जास्त, त्यामुळे नगरपालिकांनाही उंचीचा मोह पडला.

रोनन पॉइंट २२ मजली. पद्धत डेन्मार्कची, लार्सन-निल्सन. खांब-तुळयांचा सांगाडा नाहीच. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती क्रेननं एकावर एक ठेवायच्या आणि सांधे जागेवर भरायचे. बस्स.

१६ मे १९६८. इमारत पुरी होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पहाटे पावणेसहाच्या सुमारास अठराव्या मजल्यावर आयव्ही हॉज या बाईंनी चहासाठी काडी ओढली. गळलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि कडेची भिंत बाहेर फेकली गेली. वरच्या मजल्यांचा आधार गेला, ते खाली आले, आणि त्यांच्या भारानं खालचेही. अख्खा कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा! चार माणसं गेली. आयव्हीबाई मात्र वाचल्या, त्यांच्या कानाचे पडदेसुद्धा शाबूत होते. म्हणजे बघा, स्फोट काही फार मोठा नव्हता.

१९७० मध्ये नियम बदलले. एक भाग निकामी झाला म्हणून सगळा डोलारा कोसळता कामा नये, असं ठरलं. रोनन पॉइंटही मजबूत करून पुन्हा वापरात आली. पण १९८६ मध्ये ती एकेक मजला सोडवत उतरवली, तेव्हा दिसलं की सांधे नीट भरलेलेच नव्हते. कुठे पोकळी, कुठे चक्क वर्तमानपत्रांची रद्दी.

कारखान्यातली भिंत तपासता येते हो. पण वाऱ्यापावसात, घाईघाईत भरलेला सांधा कोण बघतो? त्यावर पुढे भिंत येते आणि तो दिसेनासा होतो. तशाच सांध्यांच्या भरवशावर माणसं वर्षानुवर्षं निवांत झोपत होती.

असो. आमचं रिलीज निदान मागे तरी घेता येतं.