ब्लाइथ, एडवर्ड

ब्लाइथ, एडवर्ड : (२३ डिसेंबर १८१०–२७ डिसेंबर १८७३). इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे १८४१ ते १८६२ या काळातील अभिरक्षक. भारतीय उपखंड आणि ब्रह्मदेशातील पक्षी व सस्तन प्राणी यांच्या नावांची घडी ज्यांनी बसवली, त्यांत ब्लाइथ यांचे स्थान पहिल्या दोघातिघांत आहे. हे काम त्यांनी मुख्यतः संग्रहालयाच्या टेबलावर, इतरांनी पाठवलेली कातडी आणि पत्रे समोर ठेवून केले.

जन्म लंडनचा. वडील कापडाचे व्यापारी होते. एडवर्ड दहा वर्षांचे असताना ते वारले. आईने मुलाला शिकवले. रसायनशास्त्राचा अभ्यास अर्धवट सुटला. पुढे लंडनजवळ टूटिंग येथे ब्लाइथ यांनी औषधांचे दुकान घेतले, पण त्यांचे लक्ष दुकानात नव्हते. पहाटे पक्षी पाहणे, रात्री टिपणे लिहिणे आणि हाती लागेल ते प्राणिशास्त्र वाचणे असा क्रम होता. दुकान बुडाले. गिल्बर्ट व्हाइट यांच्या सेलबर्नविषयीच्या प्रसिद्ध ग्रंथाची १८३६ मधील एक आवृत्ती त्यांनी टिपांसह संपादित केली. १८४० मध्ये निघालेल्या क्यूव्ह्ये यांच्या ‘अ‍ॅनिमल किंगडम’च्या इंग्रजी आवृत्तीत सस्तन प्राणी, पक्षी आणि सरपटणारे प्राणी हे भाग त्यांच्याकडे होते.

भारतात येण्यापूर्वीचे त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मेंढ्यांवरचे आहे. लेफ्टनंट जॉन वुड यांनी पामीरच्या पठारावरून प्रचंड वळणदार शिंगे आणली होती. ती पाहून ब्लाइथ यांनी या प्राण्याला ‘ओव्हिस पोलाय’ असे नाव दिले, कारण तेराव्या शतकात मार्को पोलो याने त्याच भागातील अशा मेंढ्यांचे वर्णन लिहून ठेवले होते. जिवंत प्राणी समोर नाही, आहेत ती केवळ शिंगे आणि एका प्रवाशाचा मजकूर. या दोन्हींची सांगड घालून जात ओळखण्याची ही रीत ब्लाइथ यांनी पुढे आयुष्यभर वापरली. उरियल या रानमेंढीचे शास्त्रीय नावही त्यांनीच १८४१ मध्ये दिले.

त्याच वर्षी एशियाटिक सोसायटीने त्यांची नेमणूक केली. हातात पैसा इतका कमी होता की प्रवासासाठी उचल घ्यावी लागली. सप्टेंबर १८४१ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले.

सोसायटीची स्थापना १७८४ ची. तिचे संग्रहालय १८१४ मध्ये नॅथॅनिएल वॉलिच या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सुरू झाले. ब्लाइथ आले तेव्हा तेथे शिळालेख, नाणी, हाडे, खनिजे आणि प्राण्यांचे नमुने एकाच छपराखाली होते. खनिजांचा भाग हेन्री पिडिंग्टन पाहत. वादळांसाठी ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ करणारे ते हेच. बंगालच्या दमट हवेत कातडी टिकवणे हाच एक लढा असे. बुरशी धरते, कीड पिसे खाते, सोमलाचे लेपही सर्वत्र पुरत नाहीत. नमुना एकदा गेला की त्यावरून ठरलेल्या नावाचा पुरावाही गेला. ज्या नमुन्यावरून जातीचे पहिले वर्णन झाले, त्याचे मोल म्हणूनच सोन्याहून अधिक मानावे लागते. संग्रहालयात न वावरलेल्या चरित्रकारांना हे सहसा जाणवत नाही.

दुसरी अडचण तुलनेची. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली महत्त्वाची यादी कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली, पण ते नमुने लंडनला गेले. ब्रायन हॉजसन यांच्या नेपाळी संग्रहाचीही मोठी पाठवणी तिकडेच झाली. म्हणजे कलकत्त्यात बसून एखाद्या पक्ष्याला नवे नाव द्यायचे, तर तो आधीच कोणी नोंदवला आहे का, हे छापील वर्णनांवरून आणि पत्रोत्तरांवरून ताडावे लागे. ब्लाइथ यांची स्मरणशक्ती विलक्षण होती असे समकालीन लिहितात. त्यांच्या निष्कर्षांपैकी इतके निष्कर्ष आजही उभे आहेत, की या साक्षीवर विश्वास ठेवावा लागतो.

नमुने पाठवणाऱ्यांचे जाळे हीच त्यांची खरी मिळकत. ब्रह्मदेशातून आर्थर फेअर, छोटा नागपूर आणि तेनासरीमकडून सॅम्युएल टिकेल, मद्रास इलाख्यातून सैन्यातील शल्यवैद्य टॉमस जर्डन, श्रीलंकेतून केलार्ट व लेयार्ड. पार्सल आले की वर्णन सोसायटीच्या नियतकालिकात छापून येई आणि पाठवणाऱ्याचे ऋण नावातून फेडले जाई. म्यानमारकडील फेअरचा वानर (१८४७) हे त्याचे उदाहरण. ईशान्य भारतातील डोक्यावर टोपीसारखे केस असलेला वानर (१८४३), दक्षिण भारत व श्रीलंकेतील शेंडीवाला वानर (१८४४), लांबट पाठीचे रानकासव (१८५३) आणि ब्रह्मदेशी तारा कासव (१८६३) ही शास्त्रीय नावेही ब्लाइथ यांचीच.

संग्रहातील पक्ष्यांची सूची १८४९ या सालाची. ती वेळेवर निघत नाही म्हणून सोसायटीतील काही सदस्य नाराज होते, आणि हा माणूस फक्त पक्ष्यांमध्ये रमतो असाही आक्षेप होता. पदाची कामे आणि अभ्यासकाची ओढ यांत त्यांनी तोल राखला की नाही, याबद्दल दोन्ही बाजूंनी लिहिता येईल. पण ती सूची हाती घेतल्यावर विलंबाची तक्रार किरकोळ वाटते. भारतात छापलेली, एवढ्या आवाक्याची आणि प्रत्यक्ष नमुन्यांवर आधारलेली पक्ष्यांची यादी त्याआधी नव्हती. जर्डन यांच्या ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ (१८६२–६४) या ग्रंथाचा पायाही बऱ्याच अंशी तिथेच आहे. सस्तन प्राण्यांची सूची १८६३ मध्ये, ब्लाइथ भारत सोडून गेल्यावर, बाहेर पडली.

पगार वीस वर्षे वाढला नाही. जिवंत प्राण्यांचा व्यापार करून भर घालण्याचे त्यांचे प्रयत्न फारसे फळले नाहीत.

डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार १८५५ पासूनचा आहे. पत्रे जपली गेली असल्याने ब्लाइथ यांच्या आयुष्याचा हाच भाग सर्वाधिक उजेडात आहे. डार्विन प्रश्न पाठवत. ब्लाइथ कोंबड्या, कबुतरे, गुरे, गाढवे, उंट यांच्या पाळीव जातींबद्दल पानेच्या पाने लिहून पाठवत. कलकत्त्याचे बाजार आणि गोठे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. पाळीव कोंबड्यांच्या साऱ्या जाती एकाच रानकोंबड्यापासून उपजल्या, हे मत मांडताना ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्याच प्रकरणात डार्विन ब्लाइथ यांचा हवाला देतात आणि त्यांच्या मताला आपण जवळजवळ इतर कोणाहीपेक्षा अधिक किंमत देतो असे सांगतात. डिसेंबर १८५५ च्या पत्रात ब्लाइथ यांनी आल्फ्रेड वॉलेस यांच्या नव्या जातींच्या उगमाविषयीच्या ताज्या लेखाकडे डार्विन यांचे लक्ष वेधले. वॉलेस यांचे ते लिखाण किती महत्त्वाचे आहे, हे ओळखणाऱ्या पहिल्या वाचकांत ब्लाइथ होते.

नैसर्गिक निवडीची कल्पना मुळात ब्लाइथ यांची होती काय, हा वाद १९५९ मध्ये लॉरेन आयझली यांनी उभा केला. आधार होता १८३५ ते १८३७ या काळात लंडनच्या ‘मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी’त आलेल्या ब्लाइथ यांच्या लेखांचा. दुबळे व विचित्र प्राणी निसर्गात मागे पडतात, हे त्यांत स्पष्ट आहे. मात्र ब्लाइथ यांच्या मते त्यामुळे जातीचा मूळ साचा शुद्ध राहतो. डार्विन यांच्या मते त्याच प्रक्रियेतून जाती बदलतात. बहुतेक इतिहासकार हा फरक निर्णायक मानतात आणि आयझली यांचा आरोप स्वीकारत नाहीत. ब्लाइथ यांनी स्वतः अग्रहक्क सांगितला नाही.

१८५४ मध्ये त्यांनी एका विधवेशी लग्न केले. डिसेंबर १८५७ मध्ये पत्नी वारली. त्यानंतर प्रकृती खालावत गेली.

१८६२ मध्ये ते इंग्लंडला परतले. अखेरच्या वर्षांतील अस्वास्थ्याबद्दल उलटसुलट लिहिले गेले आहे. लेखन मात्र थांबले नाही : ‘झूफिलस’ या टोपणनावाने नियतकालिकांत लेख येत राहिले आणि १८७१ मध्ये ‘नेचर’मध्ये पृथ्वीचे प्राणिभौगोलिक विभाग कसे पाडावेत यावर त्यांचा निबंध आला. ब्रह्मदेशातील सस्तन प्राणी व पक्ष्यांची यादी १८७५ मध्ये, आर्थर ग्रोट यांनी लिहिलेल्या चरित्रासह, प्रसिद्ध झाली. क्रौंचांवरील पुस्तक टेगेटमायर यांनी वाढवून १८८१ मध्ये काढले. ही दोन्ही कामे छापून आली तेव्हा ब्लाइथ हयात नव्हते. हायगेट येथील दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

सोसायटीचा संग्रह १८६६ च्या कायद्यानुसार उभ्या राहिलेल्या इंडियन म्युझियमकडे गेला, आणि प्राण्यांचा विभाग १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या हाती आला. नागालँडचा राज्यपक्षी असलेल्या ट्रॅगोपानला जर्डन यांनी १८७० मध्ये ब्लाइथ यांचे नाव दिले. त्यांच्याच नावाचा एक तपकिरी, साधासा वटवट्या हिवाळ्यात उत्तरेकडून येतो आणि महाराष्ट्रातील बागा, कुंपणे व घाणेरीच्या जाळ्यांत ‘चक् चक्’ करत फिरतो. दिसण्यापेक्षा तो ऐकूच अधिक येतो. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘ड्युमेटोरम’ या पदाचा अर्थ झुडपांमधला असा आहे, आणि नावापुढे वर्णनकर्ता व साल लिहिलेले असते : ब्लाइथ, १८४९.